आग्रहाची सोय

२२ फेब्रुवारी

दैनंदिनी लिहायची कल्पना माझी नाही, प्रतिभाची. ती म्हणाली, "तू घरात जेवढं बोलतोस त्याच्या निम्मं जरी कागदावर लिहिलंस ना, तरी शेजारचे आपल्याला दिवाळीला फराळ पाठवायला लागतील." बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे टोमणेसुद्धा निम्मं-पाव करून मारते. मी मनावर घेत नाही. वही मात्र तिनेच आणून दिली, म्हणजे मनापासून म्हणाली असावी.

तर सुरुवात. मी वाल्मीक नेवगे, 'बोलकं अंगण' या संस्थेचा संस्थापक-अध्यक्ष. त्याआधी कित्येक वर्षं विंचूरला कांद्याचे लिलाव पुकारत होतो. माइक कधी हातात धरला नाही. मी 'एकवार' म्हणालो की ट्रॅक्टरवर डुलक्या घेणारे शेतकरी ताडकन उठून बसायचे. आमची हर्षाली तेवीस वर्षांची आहे. ऑटिस्टिक आहे आणि तोंडाने बोलत नाही. तिच्यासाठी नाशकात आलो, इंदिरानगरला घर घेतलं, तिच्यासारख्या मुलांसाठी संस्था काढली. आता त्या सगळ्यांसाठी आम्ही बोलपाटी तयार केली आहे.

बोलपाटी म्हणजे टॅबलेटच, त्यावर चित्रांची बटणं. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की पाटी म्हणते, "पाणी." दोन चित्रं दाबली की दोन शब्द. हे सगळं रुखसारने केलं. रुखसार आमची इंजिनिअर, राहायला जुन्या नाशकात. पोरगी फार हुशार, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक 'पण' तयार असतो. पाटीला आवाज कुणाचा द्यायचा यावर ती म्हणाली, "सर, मुलींना मुलीचा देऊ, लहानांना लहानांचा. तयार मिळतात." मी म्हणालो, घरात विहीर असताना टँकर कशाला बोलवायचा? सगळे शब्द मीच रेकॉर्ड केले.

त्यामुळे आज संस्थेतली सगळी मुलं बोलतात, आणि सगळी माझ्या आवाजात बोलतात. आज दुपारी सहा वर्षांच्या हुजैफाने खिडकीशी बसून "शू" दाबलं, तर रस्त्यावरच्या टेम्पोवाल्याने ब्रेक मारला. आणि घरी आल्यावर हर्षालीने "बाबा" दाबलं. स्वतःच्याच आवाजात मला "बाबा" अशी हाक आली आणि मी "ओ" दिली. असं भाग्य किती बापांच्या वाट्याला येतं?

२७ फेब्रुवारी

नवसाबाई आत्या विंचूरहून आली आहे. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, एकेक करून काढायचे आहेत. येताना डिंकाचे लाडू आणि स्वतःचा स्वभाव घेऊन आली. दुसऱ्याच्या घरीसुद्धा वाढायला तीच उभी राहते.

जेवताना तिने हर्षालीच्या ताटात लाडू ठेवला. हर्षालीने पाटीवर "नको" दाबलं. आत्या आधी दचकली, मग तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आगं बया! पोरीला रीत आली रं वाल्मीक! कसं घरंदाज नको म्हणली!" असं म्हणून दुसरा ठेवला. "नको." तिसरा ठेवला. "नको." आत्या म्हणाली, "पयलं नको लाजेचं, दुसरं नको मानाचं, तिसरं नको पोटाचं. आता भरलं आसंल पोट." पण तोवर चौथा पडला होता.

हर्षाली उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला आणि लाडू विरघळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

प्रतिभा म्हणाली, "तिने तीनदा सांगितलं होतं."

मी म्हणालो, "सांगायची पद्धत चुकली."

मला वाटतं दोष पाटीत आहे. पाटी एकदम तोडून "नको" म्हणते, तेही बाजारात घुमेल अशा आवाजात. चार माणसांत कुणी असं म्हणतं का? आपल्याकडे पहिलं नको कुणीच खरं धरत नाही. लिलावात पहिली बोली खरी असते का? एकवार, दोनवार, तीनवार, मग सौदा. हे पाटीला कोण शिकवणार? यंत्राला रीतभात नसते, ती आपण घालावी लागते.

५ मार्च

रुखसारला आग्रहाची सोय करायला सांगितली. पहिल्यांदा नकोचं बटण दाबलं की पाटी म्हणेल, "अहो, कशाला!" दुसऱ्यांदा दाबलं की, "राहू द्या ना." आणि तिसऱ्यांदा, तेही मृदू आवाजात, "नको." तिन्ही मी पुन्हा रेकॉर्ड केले. "अहो, कशाला"मध्ये थोडं हसूही घातलं.

रुखसार म्हणाली, "पण सर, ती नको म्हणते म्हणजे तिला ते नकोच असतं."

"बेटा, तुमच्याकडे आग्रह नसतो का?"

"असतो ना सर. माझी खाला, म्हणजे मावशी, बिर्याणी वाढते तेव्हा मी प्लेटवर दोन्ही हात ठेवते, तर हातावर वाढते."

"मग?"

"मग भाजतं सर."

मी म्हणालो, भाजलं तरी त्यात प्रेम असतं. ती लॅपटॉप उघडून कामाला लागली. तरुण पिढीला आपली संस्कृती समजावून सांगावी लागते, पण सांगितली की पटते.

११ मार्च

आग्रहाची सोय घरोघरी पोचली. पहिला अभिप्राय हुजैफाच्या आईचा, गुलजारबीचा. फोनवर जरा मोठ्याने बोलत होती. हुजैफाला दातवाल्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने चिमटा हातात घेतल्यावर पोराने पाटी दाबली. पाटी हसून म्हणाली, "अहो, कशाला!" डॉक्टर खूश. पोराने पुन्हा दाबली. "राहू द्या ना." डॉक्टर म्हणाले, किती संस्कारी मुलगा आहे, आणि दात काढला. तिसरं नको दात बशीत पडल्यावर आलं.

"सर, तुमचं मशीन लय शरीफ आहे," गुलजारबी म्हणाली, "पण पोराचा दात गेला ना!"

मी विचारलं, दात हलत होता का? होता म्हणे. मग जाणारच होता. डॉक्टरांसारख्या शिकलेल्या माणसाने पाटीचं कौतुक केलं, ही मोठी गोष्ट आहे. संस्थेच्या स्मरणिकेत घ्यावी असं वाटतं, दाताचा भाग वगळून.

१४ मार्च

आज कार्यक्रम ठरला. दोन एप्रिलला ऑटिझम दिवस असतो, त्या दिवशी सकाळी बोलपाटीचं लोकार्पण. हॉल मिळाला. प्रमुख पाहुणे अमोलशेठ, बेदाण्याचे मोठे व्यापारी, आपले जुने स्नेही. पाटी आवडली तर जिल्हाभर वाटायला मदत करतो म्हणाले. सगळ्या मुलांना फेटे बांधायचे. आणि ज्या क्षणी हर्षाली स्टेजवर "स्वागत" दाबेल, त्या क्षणी दारातून ढोलपथक वाजत आत येईल. नाशिकचा कार्यक्रम आणि ढोल नाही, तर लोक म्हणतील मयताला आलो की काय. पथकप्रमुख जीवनला फोन केला. त्या दिवशी हनुमान जयंती आहे, पथकाची मिरवणूक संध्याकाळी आहे, म्हणून सकाळी येतो म्हणाला. हा योगच म्हणायचा.

प्रतिभा पेपर तपासता तपासता म्हणाली, "ढोल? बंद हॉलमध्ये?"

तिच्या मनात दोन वर्षांपूर्वीचं विसर्जन आहे. तेव्हा ढोल सुरू झाले आणि हर्षाली माझा हात सोडून गर्दीत नाहीशी झाली. दुपार गेली शोधण्यात. मी एकाच गल्लीत चारदा शिरलो, हे कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितो. शेवटी सापडली ती एका एटीएमच्या काचेच्या खोलीत. दार आतून धरून, कानांत बोटं घालून बसली होती. बाहेर पैसे काढायला आलेल्यांची रांग लागली होती आणि सगळ्यात पुढचा माणूस बाकीच्यांना म्हणत होता, "मॅडमचं चालू आहे अजून."

पण ते रस्त्यावर होतं. हे आपलं घरचं कार्य आहे, हॉलला चारी बाजूंनी भिंती आहेत. मी हर्षालीला समोर बसवून ढोलाचं चित्र दाखवलं, फेट्याचं दाखवलं. तिने बटण तीनदा दाबलं. "अहो, कशाला! राहू द्या ना. नको." मी पुन्हा दाखवलं. तिने पुन्हा तीनदा दाबलं. मी पुन्हा दाखवलं. ती पाटी उलटी घालून उठून गेली.

"झाली ना तीनवार?" प्रतिभा म्हणाली. "तुझ्याच हिशोबाने सौदा झाला."

"घासाघीस करते आहे," मी म्हणालो. "माझीच मुलगी आहे."

प्रतिभा म्हणाली, "मी हॉलच्या जवळचं एटीएम बघून ठेवते."

१९ मार्च, पाडवा

रुखसारच्या लॅपटॉपवर कळतं, कोणतं बटण किती वापरलं जातं. सगळ्यात जास्त वापरलेलं बटण 'नको' निघालं. दुसऱ्या नंबरवर 'पाणी', पण फार मागे. मला घाम फुटला. अमोलशेठ हे बघतील तर काय म्हणतील? आम्ही मुलांना बोलायला शिकवलं आणि मुलं एका सुरात नको म्हणतात? लोकांना उमेद दिसली पाहिजे.

म्हणून कार्यक्रमापर्यंत नको काढून त्या जागी 'छान' टाकायला सांगितलं. पाडव्याचा मुहूर्त साधला. रुखसार म्हणाली, "पण सर." मी म्हणालो, आज सणाच्या दिवशी 'पण' नको. ती म्हणाली, "सर, तुम्ही आत्ताच नको म्हणालात." हसलो दोघं. मग तिने बदल केला, पण ती माझ्याइतकी हसत नव्हती.

जेवणाआधी आत्याने सगळ्यांना कडुनिंब दिला. हर्षालीने नकोच्या जागी बोट ठेवलं. पाटी म्हणाली, "छान!" आत्याने दुप्पट दिला. हर्षालीने बोट उचललं, पाटीकडे बघितलं, पाटी हलवून बघितली, पुन्हा बोट ठेवलं. "छान!"

मला वाटलं होतं ती रडेल. रडली नाही. बाकीच्या बटणांवरून बराच वेळ बोट फिरवत बसली, पावाच्या लादीतला मऊ पाव शोधावा तशी.

२३ मार्च

हर्षालीने 'पुरे' शोधून काढलं. सकाळपासून सगळ्याला "पुरे." पोळी यायच्या आधीच "पुरे." फेटेवाला माप घ्यायला आला, दारात उभा होता, "पुरे!" तो बिचारा चप्पल न काढता परत गेला. 'पुरे' काढायला सांगितलं.

२४ मार्च

"बंद." काढलं.

२५ मार्च

"संपलं." काढलं. "उद्या" हेही काढलं, कारण तिचा उद्या कधी येतच नाही. प्रतिभा म्हणाली, "पाटीवर आता राहिलंय काय?" मी दाखवलं. खाण्याचे पदार्थ, घरची माणसं, सण, 'छान', 'आणखी', 'धन्यवाद', 'स्वागत'. ती म्हणाली, "हे तर लग्नाच्या हॉलचं दार झालं." मला उपमा आवडली.

२८ मार्च

आज एक विलक्षण गोष्ट घडली.

मी फोनवर जीवनशी ढोल किती आणायचे ते बोलत होतो. आत्या पोथी मांडीवर घेऊन बसली होती, वाचता येत नाही तरी. हर्षाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तिने दोन बटणं दाबली आणि माझ्या भरदार आवाजात पाटी म्हणाली, "ढोल. वारले."

आत्याने पोथी मिटली. "आगं बाई! कवा?"

'वारले' हे बटण मीच टाकून घेतलं होतं. गेल्या वर्षी माझे वडील गेले, तेव्हा ते कुठे गेले हे हर्षालीला कळेना. रोज त्यांची खुर्ची दारात नेऊन ठेवायची. तेव्हा हार घातलेल्या फोटोचं चित्र केलं आणि तिला समजावलं, वारले म्हणजे आता नाहीत. पुन्हा येणार नाहीत. कितीही बोलावलं तरी नाहीत. हे तिला पक्कं कळलं होतं.

"ढोल. वारले," पाटी पुन्हा म्हणाली. मग, "फेटा. वारले." थोडं थांबून, "लाडू. वारले." आत्याने देवाला हात जोडले.

माझ्या अंगावर काटा आला. पोरगी कविता करते! ढोलासारख्या दणदणीत वस्तूला मरण येतं ही कल्पना साध्या माणसाला सुचेल का? मी ताबडतोब रुखसारला फोन केला की स्मरणिकेच्या पहिल्या पानावर हर्षालीची कविता घ्यायची. ती म्हणाली, "सर, कविता नाहीये ती." मी म्हणालो, मुक्तछंद आहे, तुला नाही कळायचा.

मी फोनवर बोलत असतानाच हर्षालीने आणखी एक ओळ केली. "बाबा. वारले."

माझ्याच आवाजात माझ्या जाण्याची बातमी ऐकली. प्रतिभा स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने माझ्याकडे बघितलं, हर्षालीकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून नाही गं. पण प्रयत्न चांगला होता."

३० मार्च

घात झाला. माझा आवाज गेला.

मंडपवाल्यावर ओरडत होतो. स्टेज उलट्या बाजूला बांधत होता. ओरडता ओरडता मधेच काही येईना. तोंड चालू, आवाज बंद. मंडपवाला म्हणाला, "साहेब, आता बरोबर कळतंय." डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, दोन आठवडे एक शब्द नाही, कुजबूजसुद्धा नाही, नाहीतर हा आवाज विसरा. मी त्यांना विचारणार होतो की हा आवाज कुणाचा आहे तुम्हाला माहीत आहे का, पण विचारणार कसं?

रुखसारने मला एक बोलपाटी आणून दिली. दिवसभरातला एवढाच दिलासा. सगळे शब्द माझेच, आवाज माझाच. कुणाला फरकसुद्धा कळणार नाही.

३१ मार्च

आत्याने काढा केला. प्रतिभा शाळेत, घरात मी, हर्षाली आणि आत्या. आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचं परवाच ऑपरेशन झालंय, त्यावर हिरवी पट्टी आहे. पहिल्याने अजून धूसर दिसतं, आणि अक्षरओळख तर कधीच नव्हती. काढ्यात हळद, मिरी, कांद्याचा रस, ओवा आणि आणखी काहीतरी होतं, ज्याचं नाव ती सांगत नाही.

पहिला पेला प्यालो. घसा फाटल्यासारखा झाला. तिने दुसरा भरला. मी मान हलवली. "लाजू नको, घरचंच हाय." पाटी घेतली, नकोच्या जागी बोट ठेवलं. "छान!" माझ्याच कमावलेल्या आवाजात. आत्या खुलली. "आवडला व्हय! मंग घे की अजून." मी 'पुरे' शोधलं, नव्हतं. 'बंद' नव्हतं. 'संपलं' नव्हतं. घाईत 'आणखी'वर बोट पडलं. तिने पातेलंच उचललं. मी पेल्यावर हात आडवा धरला, तर हातावर ओतलं. रुखसार म्हणाली होती ते खरं आहे, भाजतं.

डोळ्यांत पाणी आलं. ओरडता येईना, लिहून उपयोग नाही, पाटीवर नुसते लाडू, स्वागत आणि धन्यवाद. मग माझं बोट आपोआप काढ्याच्या चित्रावर गेलं आणि तिथून हार घातलेल्या फोटोवर.

"काढा. वारले."

कोपऱ्यात बसलेल्या हर्षालीने मान वर केली. ती सहसा कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. माझ्याही बघितलं नाही, माझ्या पाटीकडे बघितलं. उठून आली, माझ्या हातातला पेला काढून घेतला, आत्याच्या हातातलं पातेलंही घेतलं, दोन्ही सिंकमध्ये ओतलं आणि नळ सोडला. काढा पूर्ण वाहून जाईपर्यंत उभी राहिली. मग येऊन माझ्या शेजारी बसली, नेहमीपेक्षा जवळ.

मला काहीतरी सुचत होतं. फार महत्त्वाचं काहीतरी. पण तेवढ्यात जीवनचा मेसेज आला की ताशे पण आणू का, आणि ते निसटलं.

रुखसारला मात्र लगेच लिहून कळवलं, नको परत टाक. पुरे, बंद, संपलं, सगळं टाक. आग्रहाची सोय काढ. पहिल्या दाबाला स्पष्ट बोललं पाहिजे, जुन्या आवाजात. हे फक्त माझ्या पाटीवर, आजारपणापुरतं. तिचं उत्तर आलं, "सर, एका पाटीवर टाकलं की सगळ्यांवर येतं." मी लिहिलं, येऊ दे. तिने हात जोडल्याची पाच चित्रं पाठवली. एवढा आनंद तिला पगारवाढीलाही झाला नव्हता.

३ एप्रिल

काल लिहायचं त्राण नव्हतं. आज क्रमाने लिहितो.

हॉल भरला होता. स्टेजवर अमोलशेठ, मी, हर्षाली. खाली पहिल्या दोन रांगांत मुलं आपापल्या पाट्या घेऊन, त्यांच्या मागे आईबाप. हर्षालीची पाटी हॉलच्या मोठ्या स्पीकरला जोडली होती, म्हणजे तिचं "स्वागत" सगळ्यांना ऐकू जाईल. फेटेवाला पहिल्या रांगेत हुजैफाच्या डोक्यापाशी उभा. माझा आवाज गेला आहे हे प्रतिभा, आत्या आणि रुखसार सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज गेला हे सांगायला मला लाज वाटत होती.

हर्षालीने "स्वागत" दाबलंच नाही. जीवनला वाटलं इशारा चुकला. त्याने दार उघडलं आणि पथक वाजत आत आलं. भिंती थरथरल्या. अमोलशेठ टाळ्या वाजवायला लागले. हर्षालीने दोन्ही कानांत बोटं घातली आणि स्टेजच्या पायऱ्यांकडे बघायला लागली. ते बघणं मी ओळखलं. विसर्जनाच्या दिवशी हात सुटायच्या आधी ती तसंच बघत होती. 

पण ती पळाली नाही. पाटीकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बटण दाबायचं तर कानातलं बोट काढावं लागतं, आणि बोट काढलं की ढोल आत शिरणार. एवढी साधी गोष्ट मला आजवर दिसली नव्हती. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने उजव्या कानातलं बोट काढलं, दाबलं आणि परत कानात घातलं.

"नको!"

विंचूरच्या बाजारातला माझा आवाज त्या मोठ्या स्पीकरमधून आला. जीवन मला पंधरा वर्षं ओळखतो. त्याची टिपरी हवेतच थांबली, पाठोपाठ सगळं पथक थांबलं. अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. सगळ्यांना वाटलं अध्यक्ष बोलले.

अमोलशेठ हसत म्हणाले, "अहो वाल्मीकराव, असं कसं? एवढे लांबून आलेत, वाजवू द्या हो! आमचा आग्रह आहे."

जीवनने टिपरी पुन्हा उचलली. हर्षालीची दोन्ही बोटं कानांत. दुसऱ्यांदा बोट काढायला तिला काय सोसावं लागेल ते मी नुकतंच पाहिलं होतं. मांडीवर माझी पाटी होती. काढ्याने भाजलेली बोटं अजून चुरचुरत होती. मी दाबलं.

"नको!"

टिपरी खाली आली. आणि मग पहिल्या रांगेतून, फेट्याखालून, हुजैफाची पाटी ओरडली, "नको!" फेटेवाल्याने हात मागे घेतले. मागून कुणीतरी "नको!" डावीकडून "पुरे!" उजवीकडून "बंद!" सगळ्या पाट्या, सगळे माझेच आवाज. कुणाला फेटा नको होता, कुणाला हार, कुणाला शेजारच्या बाईचा मुका. अमोलशेठनी खिशातून भाषण काढलं. तिसऱ्या रांगेतून "संपलं!" आलं. कुणी दाबलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुलजारबी छताकडे बघत होती. अमोलशेठनी भाषण घडी करून खिशात ठेवलं.

त्यानंतर हॉलमध्ये जी शांतता झाली, तशी मी आयुष्यात ऐकली नव्हती. हर्षालीने कानांतली बोटं काढली. खुर्चीत मागे टेकून बसली. मुलं आपापल्या जागी बसून होती, एकही रडत नव्हतं. ढोलवाले भिंतीला टेकून चहा पीत होते. अर्धा तास कुणीही काहीही केलं नाही आणि लोक म्हणाले, कार्यक्रम छान झाला. अमोलशेठ जाताना म्हणाले, "यंत्र खणखणीत आहे हो. मला एक द्या, घरी लागेल." हे त्यांनी गंभीरपणे म्हटलं.

घरी येताना रिक्षात आत्या म्हणाली, "किती रं नको नको करत व्हतास! येकदा म्हणला आसता तर कळलं नसतं का लोकांना?"

प्रतिभाने माझ्या भाजलेल्या हातावर हात ठेवला. एटीएमची गरज पडली नाही.

१९ एप्रिल

आवाज आला. पूर्वीसारखा नाही, थोडा खरखरीत, पण आला. डॉक्टर म्हणाले जपून वापरा.

मी हळू आवाजात पाटीचे सगळे शब्द पुन्हा रेकॉर्ड केले. लिलावाचा सूर काढून टाकला. 'पाणी' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला तहान लागावी. 'नको' तर इतकं चांगलं झालं की रुखसारने ते दोनदा लावून ऐकलं. रोज सकाळी थोडं थोडं करत होतो. हर्षालीसाठी हे एवढं तरी करावं असं मनात होतं.

रुखसार तिच्याकडचेही आवाज घेऊन आली होती. मुलींचे, निरनिराळे. तिचा 'पण' आज न बोलताच लॅपटॉपमध्ये भरलेला होता. मी म्हणालो, ठीक आहे, हर्षालीलाच विचारू. तिची जुनीच पाटी तिच्यापुढे ठेवली. आधी माझं नवं रेकॉर्डिंग ऐकवलं, "पाणी", "आई", "बाबा". ऐकताना मलाच भरून आलं.

"हर्षू, हा आवाज घ्यायचा? बाबांचा?"

तिने बोट ठेवलं.

"नको."

माझ्याच आवाजात तिने मला सांगितलं की तिला माझा आवाज नको. आत्या दारात होती, तिला वाटलं मीच बोललो. प्रतिभा वह्यांतून मान वर करून माझ्याकडे बघत होती. 'अगं, नीट ऐकून तर बघ' एवढं माझ्या जिभेवर आलं होतं. 'बाबांसाठी' तर त्याच्या पाठोपाठच उभं होतं. छातीत दुखल्यासारखं झालं, ते खोटं का लिहू?

"बरं," मी म्हणालो, आणि रुखसारला तिचे आवाज लावायला सांगितले.